दिवा आधी

हरिपुरात आमच्या घरामागं तीन पेवं होती.
पुराचं पाणी शिरलं त्या वर्षी दोन खचली,
एक उरलंय, रिकामं.
तोंड एवढंसं, खांदे चोरून माणूस जाईल एवढंच,
आणि खाली खोलीएवढा अंधार
जो एकेकाळी हळदीनं भरलेला असायचा.

आप्पा पेव उघडायचे तेव्हा
आम्हा पोरांना लांब उभं करायचे.
फरशी सरकवली की लगेच कुणी वाकायचं नाही.
दुपारभर तोंड उघडं ठेवायचं.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा,
हात-हात,
आणि वरून नुसतं बघत बसायचं.
"दिवा जगला तर माणूस जगतोय," म्हणायचे.
"घाई केली की हळद माणूस गिळती."
मलगोंडा घाईनं उतरला होता.
त्याचं नाव आप्पा सहसा घेत नसत.

यंदा चैत्रात माझ्याकडं मतदार यादीचं काम आलं.
शाळा सुटली की छत्री, पिशवी, कागद, दारोदार.
"बाई, तुम्ही कुणाकडनं?"
सरकारकडनं.
"कुठल्या?"
नाव गळालं म्हणून एक म्हातारी माझ्यावर ओरडली,
पुढच्या दारात
मेलेल्या सासऱ्याचं नाव अजून आहे म्हणून सून.
कोपऱ्यावर रिक्षातला कर्णा,
त्याच्यासमोर दुसऱ्या रिक्षातला कर्णा,
चाल एकच, शब्द तेवढे वेगळे.

घरी आले तर फोनमध्ये जिनपाल आणि सन्मती भाऊजी.
सकाळपासून एकोणसत्तर निरोप.
शेवटचा माझ्या भावाचा :
"तुमच्यासारख्यांमुळंच ही वेळ आलीय."
तुमच्यासारख्या. त्यात मीही आले.
उत्तर तयार होतं. धारदार. वर्मी लागलं असतं.
कानशिलं तापलेली,
दात आवळलेले, कधीपासून कोण जाणे.

कसा कुणास ठाऊक, कंदील आठवला.

फोन ओट्यावर पालथा ठेवला.
श्वास घेतला, मोठाबिठा नाही, आपला रोजचाच,
आणि दोरीसारखा आत सोडला,
हात-हात.
गळ्यापाशी ठीक.
छातीपाशी ज्योत बारीक झाली.
त्याच्याही खाली, जिथं लहानगा जिनपाल
माझ्या कडेवर बसून संगमावर होड्या मोजतोय,
तिथं निळी पडली.
विझली.

बरं. म्हणजे आज नाही.
तोंड उघडं राहू दे.
कुकरच्या शिट्ट्या मोजत बसले.
एक. दोन.
तिसरी झाली का? कळलंच नाही,
मनात पुन्हा ते उत्तर लिहायला लागले होते.
भाताचा लगदा झाला.

शाळेतल्या पाटोळे बाई म्हणतात,
ग्रुप सोडा, बातम्या बंद करा,
बघा कशी शांत झोप लागते.
लागत असेल.
पण आप्पांनी पेवावर दगड ठेवून
विसरून जा असं कधी म्हटलं नाही.
हळद खालीच असते.
तिच्यावरच आमचं मीठ-तेल, माझी डी.एड.ची फी,
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन.
उतरावं लागतंच.
फक्त दिवा आधी.

रोज सोडत राहिले.
यादी हातात घेऊन अनोळखी दारात उभी असताना,
बेल वाजवण्याआधी.
कधी जगायचा, कधी नाही.
एकदा तर एका पुढाऱ्याचा फोटो बघूनच फुर्रकन गेला
आणि मी पायरीवर बसून पाणी प्यायले.

मतदानाच्या आदल्या रविवारी जिनपालला फोन लावला.
"ताई, तू आता सुरू करू नकोस हं."
नाही करत. जेवलास?
"हो."
काय?
"...आमटी-भात."
बराच वेळ दोघांकडनं फक्त पंखे ऐकू येत होते.
मग मी म्हटलं, सांग, तुला नक्की कशाचा राग आलाय?
मला पटणार नाही कदाचित. तरी सांग.

तो बोलायला लागला.
आधी कर्ण्यासारखा,
मग हळूहळू त्याच्या स्वतःच्या आवाजात.
मी दोरी धरून ऐकत होते.
ज्योत हलत होती.
पण होती.